जुन्या चित्रांतली घरं आणि मुलं बघायची कशी: सुरुवात जमिनीपासून करा

एकोणिसाव्या शतकातली ती युरोपातली घरगुती चित्रं तुम्ही कुठे ना कुठे बघितलेली असणारच, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर, ग्रीटिंग कार्डवर, नाहीतर एखाद्या जुन्या हॉटेलच्या भिंतीवर. शेकोटीपाशी आजी, पायाशी मांजर, गुबगुबीत गालांची चार पोरं काहीतरी खेळतायत. आपण 'किती गोड' म्हणतो नि पुढे जातो. मला हे खूप खटकतं, म्हणून हा लेख. त्या घरात नेमकं काय चाललंय हे चित्रकाराने एकेक वस्तू मांडून सांगून ठेवलेलं असतं, फक्त ते वाचायला कुठून सुरुवात करायची हे कोणी आपल्याला सांगितलेलं नसतं.

थोडी माहिती आधी. याला म्हणतात जॉनर पेंटिंग, म्हणजे राजे, देव, लढाया सोडून साध्या माणसांचं रोजचं जगणं. याचं माहेर सतराव्या शतकातलं हॉलंड, व्हर्मीर, पीटर द होख, यान स्टेन ही मंडळी. यान स्टेनने इतकी पसारा पडलेली घरं रंगवली की डच लोक अजूनही अस्ताव्यस्त घराला 'यान स्टेनचं घर' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कारखानदारांकडे, व्यापाऱ्यांकडे पैसा आला, त्यांच्या दिवाणखान्यात ग्रीक देवतांपेक्षा अशी चित्रं जास्त शोभायला लागली. जॉन शीपशँक्स हा लीड्सच्या कापडवाल्या घराण्यातला माणूस, त्याने अशी चित्रं जमवली आणि १८५७ साली सगळा संग्रह देशाला देऊन टाकला, तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

आधी चित्र उघडा, नाव वाचू नका

लंडनला असाल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि टेट ब्रिटन या दोन्ही ठिकाणी कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. फक्त जायच्या आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या, कारण सगळी चित्रं कायम भिंतीवर नसतात. पुण्यात, नागपुरात, कुठेही असाल तर लॅपटॉप पुरे, म्युझियमच्या साइटवर मोठ्या साइजचे फोटो असतात, मोबाइलवर मात्र नको, कारण आपल्याला जे बघायचंय ते कोपऱ्यात असतं आणि मोबाइलवर कोपरे दिसतच नाहीत. एका वेळी एकच चित्र घ्या, दहा मिनिटं द्या. शीर्षक आणि खालचा मजकूर झाकून ठेवा, ते शेवटी.

जमीन बघा

हीच मुख्य पायरी आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. आपली नजर आपोआप चेहऱ्यांकडे जाते, तिला मुद्दाम खाली आणायची. जे पडलं, सांडलं, तुटलं, कोणी टाकून दिलं ते सगळं जमिनीवर असतं, आणि मुलंसुद्धा जमिनीच्या जवळच असतात, म्हणून चित्रकाराला जे मोठ्यांच्या तोंडून सांगता येत नाही ते तो खाली मांडतो.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ऑगस्टस एगची १८५८ सालची तीन चित्रं, टेटमध्ये आहेत, आता त्यांना 'पास्ट अँड प्रेझेंट' म्हणतात. पहिल्यात एक चांगला खातापिता दिवाणखाना आहे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फक्त जमिनीवर पालथी पडलेली बाई दिसली होती, हात एकमेकांत गुंफलेले, आणि खुर्चीत दगडासारखा बसलेला नवरा. मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. नवऱ्याच्या हातात पत्र आहे. त्याच्या बुटाखाली एक छोटं चित्र चिरडलं जातंय, ते बायकोच्या प्रियकराचं. एक सफरचंद अर्धं कापलेलं, एक अर्धं टेबलावर आणि त्यात सुरी खुपसलेली, दुसरं अर्धं खाली बाईच्या जवळ पडलंय. भिंतीवर एका बाजूला आदम आणि इव्हला स्वर्गातून हाकलल्याचं चित्र नि त्याखाली बायकोचा फोटोवजा पोर्ट्रेट, दुसऱ्या बाजूला वादळात सापडलेल्या जहाजाचं चित्र नि त्याखाली नवऱ्याचा. आरशात बघा, उघडं दार दिसतंय, ते दार आता कोणासाठी उघडंय हे सांगायला नको. आणि डावीकडे दोन मुली पत्त्यांचा बंगला बांधतायत, तो कोसळतोय, आणि ज्या पुस्तकावर तो उभा केलाय त्याच्यावर बाल्झाकचं नाव आहे, म्हणजे त्या काळच्या इंग्रज घरात वाह्यात समजली जाणारी फ्रेंच कादंबरी. आपल्याकडे पत्त्यांचा बंगला हा शब्दच या अर्थाने रुळलेला आहे त्यामुळे मराठी माणसाला हे चित्र लगेच कळतं. मला त्यातली मोठी मुलगी विसरता येत नाही, तिने खेळता खेळता मान वळवलीय, आईबाबांकडे बघतेय, तिला काहीच कळलेलं नाही आणि तरी काहीतरी कळलंय.

दुसरी दोन चित्रं पाच वर्षांनंतरची. वडील वारले आहेत, दोघी बहिणी एका साध्या खोलीत खिडकीपाशी, धाकटीने थोरलीच्या मांडीत डोकं खुपसलंय. तिसऱ्यात आई थेम्स नदीच्या काठी कमानीखाली बसलीय, शालीखाली तान्ह्या मुलाचे काडीसारखे पाय बाहेर आलेत. दोन्ही चित्रांत चंद्र तोच आहे, खाली ढगाचा तोच तुकडा, म्हणजे एकाच रात्री, एकाच वेळी मुली आणि आई तोच चंद्र बघतायत. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनसमोर नुसती बसून होते. एक गोष्ट लक्षात ठेवायची, आदल्याच वर्षी, १८५७ ला, इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा नवीन कायदा आला होता, त्यात बायकोचा व्यभिचार एवढंच कारण नवऱ्याला पुरत होतं, बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. चित्र बघणाऱ्यांच्या डोक्यात हे सगळं ताजं होतं.

जमिनीचं अजून एक उदाहरण, हे तुम्हाला माहीत असेल. जॉन एव्हरेट मिलेचं 'बबल्स', १८८६, साबणाचे फुगे उडवणारा सोनेरी केसांचा मुलगा. तो मिलेचा नातू, मोठेपणी नौदलात ॲडमिरल झाला आणि बबल्स हे टोपणनाव त्याला जन्मभर चिकटलं. फुगा म्हणजे क्षणात फुटणारं आयुष्य, ही जुनी डच खूण. आता खाली बघा, एका बाजूला कुंडीत रोप वाढतंय आणि दुसऱ्या बाजूला फुटकं मडकं पडलंय. जन्म इकडे, मरण तिकडे, मधे चार वर्षांचं पोर. हेच चित्र पुढे पेअर्सने विकत घेतलं आणि जाहिरातीत खाली जमिनीवर साबणाची वडी रंगवून टाकली! एका वडीने सगळा अर्थ पुसला गेला, आणि लाखो लोकांनी चित्र बघितलं ते असंच. म्हणून मी म्हणते, प्रिंट नको, मूळ चित्र बघा.

मग हात आणि नजरा

कोण कोणाकडे बघतंय, हे बोटाने रेषा काढून बघा, अक्षरशः स्क्रीनवर बोट फिरवा. रॉबर्ट मार्टिनोचं 'द लास्ट डे इन द ओल्ड होम', १८६२, हेही टेटमध्ये. जुनं वाडवडिलांचं घर, फर्निचरवर लिलावाचे नंबर चिकटवलेले, म्हातारी आजी रडतेय, आणि बाप मात्र हसत शॅम्पेनचा ग्लास उंचावतोय, शेजारी त्याचा लहान मुलगा, त्याच्याही हातात ग्लास. मुलाची आई हात पुढे करतेय, पण तो बापाकडेच झुकलाय. घर कशात गेलं ते बघायचं असेल तर खाली टेकवून ठेवलेलं घोड्याचं चित्र शोधा, शर्यतींचा नाद. मुलगा कुणाच्या वळणावर जाणार याचं उत्तर त्या ग्लासात आहे.

हलकंफुलकं हवं असेल तर मिलेचीच जोडी घ्या, १८६३ चं 'माय फर्स्ट सर्मन' आणि पुढच्या वर्षीचं 'माय सेकंड सर्मन'. मॉडेल त्याची स्वतःची मुलगी एफी. पहिल्या चित्रात चर्चच्या बाकावर लाल कोट घालून ताठ बसलीय, कान देऊन प्रवचन ऐकतेय. दुसऱ्यात तोच बाक, तोच कोट, आणि पोरगी गाढ झोपलीय. कीर्तनाला आईबरोबर गेलेल्या कुठल्याही मुलाला हे कळेल.

फ्रॉक घातलाय म्हणून मुलगी समजू नका

नवीन लोक इथे हमखास फसतात. त्या काळात लहान मुलग्यांनाही फ्रॉकच घालायचे, साधारण चार ते सात वर्षांच्या दरम्यान कधीतरी पहिली पँट मिळायची आणि तो घरात एक छोटा सोहळाच असायचा. मग ओळखायचं कसं? हातातलं खेळणं बघा, चाबूक, ढोल, लाकडी तलवार असेल तर बहुतेक मुलगा. भांग बघा, मधे असेल तर बहुतेक मुलगी, बाजूला असेल तर मुलगा. शंभर टक्के नाही पण चालतं. खेळही ओळखीचे निघतात, डेव्हिड विल्कीने १८१२ साली रंगवलेला खेळ म्हणजे आपली आंधळी कोशिंबीर, आणि केंटमधल्या क्रॅनब्रुक गावात जमलेल्या चित्रकारांपैकी फ्रेडरिक डॅनियल हार्डीचं १८६३ चं एक चित्र आहे, त्यात पोरं डॉक्टर-डॉक्टर खेळतायत.

हे मूल कुणाच्या घरातलं आहे, ते विचारा

विल्यम पॉवेल फ्रिथचं 'मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे', १८५६. वाढदिवसाचं टेबल, बर्थडे गर्लभोवती फुलांची कमान, सगळी भावंडं, आई, आजी, बाजूला पेपर वाचणारे आजोबा, आणि बाप म्हणून फ्रिथ स्वतः. सुखी घराचं चित्र म्हणून कायम हेच दाखवतात. आता दाराकडे बघा, खेळण्यांची पार्सलं घेऊन कोण येतंय? मोलकरीण. अशा घरात हे सुख उभं करायला दिवसभर राबणारी माणसं होती आणि ती बऱ्याचदा स्वतःच कोवळ्या वयाच्या मुली असायच्या. फ्रिथबद्दल अजून एक, त्याला बायकोपासून १२ मुलं झाली, आणि थोड्या अंतरावर त्याचं दुसरं घर होतं तिथे आणखी ७. वाढदिवसाच्या टेबलावर त्यातलं कोणीच नाही. हे कळल्यावर चित्र वाईट ठरत नाही, पण मी ते आता वेगळ्या नजरेने बघते.

गरीब मुलांची चित्रं बघताना सन लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांमध्ये कामाला ठेवायला बंदी आली, १८४२ ला खाणीत खाली मुली, बायका आणि दहा वर्षांखालचे मुलगे नकोत असं ठरलं, आणि शाळा सक्तीची व्हायला १८८० उजाडलं. या तारखा डोक्यात असल्या की खेडेगावातल्या गोंडस लालबुंद गालांच्या मुलाचं चित्र बघताना आपोआप प्रश्न पडतो, हा आत्ता शेतावर का नाही?

रशियात वासिली पेरोवने हे उघड दाखवलं. 'त्रोइका', १८६६, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत. त्रोइका म्हणजे तीन घोड्यांची गाडी, पण इथे घोड्यांच्या जागी तीन मुलं आहेत, कारागिराकडे कामाला ठेवलेली, बर्फातून पाण्याचं भलंमोठं पिंप ओढतायत, पाणी सांडून पिंपावरच गोठलंय. मधल्या मुलासाठी पेरोवला मॉडेल मिळत नव्हता, एक दिवस रस्त्यात एक खेडवळ बाई आणि तिचा मुलगा वास्या दिसला. ती आधी तयार नव्हती, चित्र काढलं की माणूस मरतो अशी तिची भीती. पेरोवने समजूत घालून तिला राजी केलं. पेरोवनेच पुढे सांगितलंय, चार वर्षांनी ती बाई परत आली, वास्या देवीच्या साथीत गेला होता, आणि तिने होतं नव्हतं ते विकून पैसे आणले होते, ते चित्र विकत घ्यायला. चित्र तर संग्राहक त्रेत्याकोव्हकडे गेलेलं. पेरोव तिला तिथे घेऊन गेला आणि ती त्या चित्रासमोर गुडघे टेकून प्रार्थना करत बसली. नंतर त्याने तिला वास्याचं वेगळं चित्र काढून पाठवलं.

चित्रकाराच्या घरात काय घडलं होतं

आता खालचा मजकूर वाचायला हरकत नाही. या पायरीशिवाय अर्धी चित्रं कळतच नाहीत, कारण त्या काळात इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी साधारण १५० पहिला वाढदिवस बघत नव्हती. मूल रंगवणाऱ्या माणसाने बहुधा मूल गमावलेलंही असायचं.

ल्यूक फिल्ड्सचं 'द डॉक्टर', १८९१, अनेक दवाखान्यांत याची प्रिंट लावलेली असायची. कोळ्याची झोपडी, दोन वेगवेगळ्या खुर्च्या जोडून केलेल्या बिछान्यावर आजारी मूल, समोर डॉक्टर हनुवटीला हात लावून बघत बसलाय. मागे अंधारात आई टेबलावर डोकं टेकून, बापाचा हात तिच्या खांद्यावर. खिडकी बघायला विसरू नका, बाहेर उजाडतंय, म्हणजे डॉक्टर रात्रभर तिथेच बसलेला आहे. फिल्ड्सचा पहिला मुलगा फिलिप १८७७ च्या ख्रिसमसला गेला होता, आणि त्या वेळी बसून राहिलेला डॉक्टर तो विसरला नव्हता. पुढे हेन्री टेटने, ज्याच्या नावाचं टेट म्युझियम आहे त्याने, चित्र सांगितलं तेव्हा त्याने हा विषय काढला, झोपडी तर स्टुडिओत खरीखुरी उभी केली.

स्वित्झर्लंडचा आल्बर्ट अँकर हा माझा सगळ्यात आवडता. बर्न जवळच्या इन्स गावचा, पाटीवर लिहिणारी, विणणारी, केस विंचरणारी, धाकट्याला सांभाळणारी मुलं त्याने जन्मभर रंगवली, आणि कुठेही त्यांना गोड करायचा प्रयत्न नाही. १८६९ साली त्याचा दोन वर्षांचा रुएदी गेला, तेव्हा त्याने त्याला शेवटच्या बिछान्यावर रंगवलं. ते चित्र आधी बघा आणि मग त्याची बाकीची मुलं बघा, मग लक्षात येतं की हा माणूस एका साध्या झोपलेल्या मुलाकडेही इतका वेळ का बघत बसतो.

बायकांनी काढलेलं घर वेगळं असतं

लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत पहिली विद्यार्थिनी १८६० साली गेली, लॉरा हर्फोर्ड, आणि तीही अर्जाच्या चित्रावर फक्त आद्याक्षर टाकून. तोवर बाईने शिकायचं ते बाहेरच. म्हणून अनेकींच्या वाट्याला विषय आला तो घर आणि मुलं. पण त्यांचं घर आतून बघितलेलं आहे हे लगेच कळतं. अमेरिकेतल्या लिली मार्टिन स्पेन्सरला १३ मुलं झाली त्यातली ७ जगली, घर तिच्या चित्रांवर चालायचं आणि नवरा घरकामात नि तिच्या कामात मदत करायचा. तिचं १८६६ चं 'द वॉर स्पिरिट ॲट होम' बघा, आई युद्धाची बातमी वाचण्यात इतकी गुंग की मांडीवरचं बाळ घसरत चाललंय, आणि मोठी पोरं भांडी बडवत सैनिक होऊन घरभर परेड करतायत. पुरुष चित्रकाराने तिथे देवीसारखी शांत आई बसवली असती.

बर्त मोरिझोचं 'द क्रेडल', १८७२, पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये. पाळण्याच्या जाळीच्या पडद्याआड झोपलेलं बाळ, बघत बसलेली आई. ती मोरिझोची बहीण एदमा. दोघी बहिणी एकत्र चित्रकला शिकल्या होत्या, लग्नानंतर एदमाने ब्रश खाली ठेवला. हे माहीत नसेल तर ते मायेचं चित्र आहे, माहीत असेल तरीही मायेचंच आहे, पण त्या चेहऱ्यावर अजून काहीतरी दिसायला लागतं.

आपल्याकडचं

हीच नजर इकडेही वापरता येते. राजा रवी वर्माचं १८९३ चं 'देअर कम्स पापा' घ्या, मॉडेल त्याची मुलगी आणि नातू. आई कडेवरच्या मुलाला बोटाने दाखवतेय की बघ बाबा आले, आणि बाबा चित्रात कुठेच नाहीत, चौकटीच्या बाहेर आहेत. फ्रिथच्या वाढदिवसाच्या शेजारी हे चित्र उघडून ठेवा आणि दोन्हीत बाप कुठे उभा केलाय ते बघा. आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, मूळ कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर यांची घरगुती चित्रं शोधा, दागिने, लुगडी, भांडी यांचं इतकं बारीक काम आहे की जमिनीपासून वर जाता जाता तासभर सहज जातो.

सरावाला एक चित्र

निकोलाय बोग्दानोव्ह-बेल्स्कीचं १८९५ चं, रशियन खेड्यातली शाळा, मुलं फळ्यासमोर तोंडी गणित सोडवतायत. शिक्षक सेर्गेई राचिन्स्की खरे होते, विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून गावात शाळा काढली, आणि चित्रकार स्वतः त्याच शाळेतला गरीब विद्यार्थी. वरच्या क्रमानेच जा. पायांतल्या सालीच्या चपला, कपडे, मग हात, मग नजरा, कोण शिक्षकांच्या कानात उत्तर सांगतोय, कोण एकटा पुढे उभा राहून विचार करतोय. फळा शेवटी. त्यावर १०, ११, १२, १३, १४ या आकड्यांचे वर्ग, त्यांची बेरीज, भागिले ३६५. कागद घेऊ नका, त्या मुलांकडेही नाहीये. एक हिंट देते, पहिल्या तिघांच्या वर्गांची बेरीज आधी करा, मग उरलेल्या दोघांची.